अकरा महिने आणि दोनशे चाळीस दिवस

चाकणच्या तळेगाव चौकातून तळेगावच्या दिशेने निघाले की खराबवाडी, महाळुंगे इंगळे या गावांतून जाणाऱ्या रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांवर दोन तऱ्हेचे कागद डकवलेले दिसतात. एक ‘हेल्पर पाहिजेत, राहण्याची सोय’ आणि दुसरा ‘रूम भाड्याने देणे आहे’. दोन्हींवर नाव नसते, नुसता मोबाईल नंबर. पावसाने पहिला कागद फाटला की त्याच्या जागी दुसऱ्या ठेकेदाराचा येतो; दुसरा कागद मात्र बऱ्याचदा तसाच लटकत राहतो. या पट्ट्यात घर घेऊन भाड्याने देण्याचा विचार करणाऱ्याने बिल्डरचे माहितीपत्रक उघडण्याआधी हे दोन कागद एकत्र वाचावेत. कारण इथले भाडे भिंतींमधून येत नाही, कारखान्याच्या गेटमधून येते. भाडेकरू किती महिने राहणार हे त्याच्या आणि घरमालकाच्या करारात ठरत नाही, त्याच्या आणि ठेकेदाराच्या व्यवहारात ठरते. आणि घरमालकाचा नफा भाड्याच्या आकड्यापेक्षा या महिन्यांवरच जास्त अवलंबून आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे नेहमीच असे नव्हते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या. जुनी माणसे टाटा मोटर्सला अजून टेल्कोच म्हणतात. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघाले, १९८२ मध्ये महापालिका झाली. या काळातला भाड्याचा धंदा कोणी गुंतवणूकदार चालवत नव्हता. कंपनीत पर्मनंट झालेला कामगार निगडी-आकुर्डीला प्राधिकरणाचा प्लॉट किंवा चिंचवड-भोसरीत गुंठा-दोन गुंठे घेई, सोसायटीच्या कर्जातून तळमजला बांधी आणि जमेल तसा वरचा मजला चढवी. खाली आपण, वर भाडेकरू. तो भाडेकरूही बहुधा मालकासारखाच असे : सातारा-सांगली-सोलापूरकडून आलेला, आज ना उद्या पर्मनंट होणारा, मुले इथल्याच शाळेत घातलेला. स्वतःचे घर होईपर्यंत पाच-सात वर्षे तो जागा सोडत नसे. त्या पिढीच्या घरमालकांना भाड्याच्या धंद्यात फारशी अक्कल चालवावी लागली नाही, कारण भाडेकरू टिकवून धरण्याचे काम त्यांच्या वतीने कंपनीची पर्मनंटची ऑर्डर करत होती.

२००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे १० लाख माणसे होती, २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. याच काळात उद्योगांचे वजन भोसरी-पिंपरीकडून चाकणकडे सरकले. बजाजचा कारखाना तिथे आधीच गेला होता, पुढे फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य लहान-मोठ्या कंपन्या आल्या. एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये झुंजवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे गाव देशाच्या वाहन उद्योगाचे एक केंद्र झाले. पण या नव्या कारखान्यांत लाईनवर उभा असलेला माणूस बहुतांशी कंत्राटी, ट्रेनी किंवा अप्रेंटिस आहे. वर्षात २४० दिवस काम केले की सलग सेवा धरली जाते आणि कपातीच्या वेळी कामगाराला नोटीस व भरपाईचे संरक्षण मिळते, ही औद्योगिक विवाद कायद्याने आखलेली रेषा. ती गाठण्याआधी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत या पट्ट्यात कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. सात-साडेसात महिन्यांनी ब्रेक मिळालेला पोरगा दुसऱ्या ठेकेदाराकडे, म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या गावाजवळच्या कंपनीत जातो. कुरुळीची खोली सोडून सावरदरीला, तिथून वराळ्याला. बॅगा दोन, गादी एक.

इकडे घरमालकाच्या हातात असतो अकरा महिन्यांचा करार. हा अकराचा आकडाही मजेशीर आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिने, असा तो देशभर रूढ झाला. महाराष्ट्रात त्याला काहीच अर्थ उरलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या ५५ व्या कलमाने प्रत्येक भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन. तरीही स्टँपवर नोटरी करून अकरा महिने लिहिण्याची सवय सुटत नाही. ना भाडेकरूच्या २४० दिवसांशी जुळणारा, ना कायद्याने काही सवलत देणारा हा आकडा आपण केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितला म्हणून पाळत आहोत.

आता पैशांचे बोलू. एक नमुना घेऊ. आकडे माझे आहेत, वाचकाने आपले घालावेत. मोशी किंवा पुनावळ्यात ६० लाखांचा दोन बीएचके, बांधकाम सुरू असलेला. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार, ५ टक्के जीएसटी ३ लाख. म्हणजे दाराची किल्ली हातात पडेपर्यंत साडेसदुसष्ट लाख गेले. पडदे, पंखे, गिझर वेगळे. भाडे महिना २० हजार धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे साडेतीन टक्के. बहुतेक हिशोब इथेच थांबतात. पण भाडेकरू बदलताना घर एक महिना रिकामे राहिले, २० हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना तीन हजार, वर्षाचे ३६ हजार. मिळकत कर बारा हजार धरू. रंग, नळाची गळती, एजंटची दलाली मिळून बावीस हजार. हाती राहिले दीड लाख, म्हणजे घातलेल्या पैशावर सव्वादोन टक्क्यांच्याही आत, आणि त्यावर आयकर आहेच. ४८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले असेल तर हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे वाक्य साइट ऑफिसात ऐकायला मिळते तेव्हा निम्माही हप्ता फिटत नाही, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही.

या हिशोबातला सगळ्यात बोलका आकडा रिकाम्या महिन्याचा आहे. समजा, करार संपताना मालकाने हजार रुपये वाढ मागितली, भाडेकरू निघून गेला आणि २१ हजार देणारा नवा मिळेपर्यंत एक महिना गेला. अकरा महिन्यांचे २ लाख ३१ हजार आले. जुन्यालाच वीस हजारांत ठेवले असते तर २ लाख ४० हजार आले असते. भाडे वाढवून नऊ हजार गमावले, शिवाय रंग आणि दलाली. एक रिकामा महिना भरून काढायला भाडे नऊ टक्क्यांनी चढे असावे लागते. चाकणच्या खोल्यांत हे गणित आणखी तीव्र होते. पाच हजार भाड्याच्या दहा खोल्या धरा. भाडेकरू आठ महिने राहतो आणि मग खोली महिनाभर रिकामी पडते असे चक्र असेल तर नऊपैकी एक महिना, म्हणजे अकरा टक्के उत्पन्न बुडाले. तोच भाडेकरू दोन वर्षे राहिला तर पंचविसातला एकच महिना बुडतो, चार टक्के. सहा लाखांच्या वार्षिक भाड्यावर हा फरक बेचाळीस हजारांच्या वर जातो, आणि तो दरवर्षी जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : भाडे कोण बघतो, किंमत वाढते की! वाकड, रावेतला पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी घेतले त्यांचे बघा. ते खरे आहे आणि पुढेही होऊ शकते. पण मग आपण भाड्याचा धंदा करत नसून जागेच्या किमतीवर पैज लावत आहोत, हे स्वतःशी कबूल करावे. पैज लावायला हरकत नाही, तिला उत्पन्न म्हणू नये. शिवाय रावेत, पुनावळे, मोशी, चऱ्होलीच्या नव्या टॉवरांत एक गोष्ट घडते. ताबा मिळण्याचा महिना सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे एकाच इमारतीतले पन्नास-साठ गुंतवणूकदार एकाच वेळी तसलाच दोन बीएचके भाड्याने काढतात आणि एजंट त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवतो. त्यात मागणी मोजक्याच उद्योगांना बांधलेली. २०१९ च्या मंदीत वाहन कंपन्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले, २०२० च्या टाळेबंदीत कामगार गावी गेले आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली माणसे घरून काम करू लागली, त्याच डिसेंबरात जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना बंद केला. तो ह्युंदाईने घेतला, पण व्यवहार पूर्ण व्हायला २०२४ चा जानेवारी उजाडला. गेटसमोर खोल्या बांधलेल्या माणसासाठी तीन वर्षे हा फार मोठा काळ असतो. म्हणून जागा बघताना एकाच कंपनीच्या भिंतीला टेकलेली इमारत घेण्यापेक्षा चार कंपन्यांच्या बसेस जिथे थांबतात तो थांबा शोधावा.

दुसरा भ्रम करबचतीचा. घरभाड्याच्या उत्पन्नातून मिळकत कर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते. जुन्या करपद्धतीत यातून येणारा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येई. ‘दुसरे घर म्हणजे टॅक्स वाचतो’ हे वाक्य तिथून आले. नव्या करपद्धतीत हा तोटा पगारातून वळता होत नाही. वरच्या नमुन्यात पहिल्या वर्षाचे व्याज चार लाखांच्या घरात जाते आणि भाडे दोन-अडीच लाख. म्हणजे जो तोटा दाखवून पूर्वी कर वाचे, तो आता नुसताच तोटा.

पण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते भाडेकरू घर बळकावेल या गोष्टीला. ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला खिळवून ठेवले होते. पन्नास वर्षांनी, १९९७ च्या डिसेंबरात, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे अवाजवी झाले असल्याचे सांगितले आणि मग १९९९ चा कायदा आला. मुंबई-पुण्याच्या वाड्यांत पिढ्यान्पिढ्या अडकलेल्या जागांची ती कहाणी आहे आणि आजही बंद फ्लॅटला कुलूप लावून ठेवणारे तिच्याच आठवणीने ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी होती, त्यांत या धास्तीचा वाटा थोडा नसावा. मात्र लिव्ह अँड लायसन्सवर राहण्यासाठी दिलेल्या जागेला ती कहाणी आता लागू नाही. नव्या कायद्याचे २४ वे कलम सांगते की मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही तर मालकाने दिवाणी न्यायालयात नव्हे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचे; लेखी करारातील मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो; आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचे दुप्पट भाडे नुकसानभरपाई म्हणून लागते. ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’ हेही बाजारगप्पांतले. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा विरोधी ताबा ठरत नाही.

गंमत अशी की, घाबरणारा मालकच हे संरक्षण स्वतःच्या हाताने टाकून देतो. नोंदणी केली नाही तर ५५ वे कलम उलटे फिरते : कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, दुसरे सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हे सगळे किती वाचवण्यासाठी? वीस हजार भाडे, एक लाख डिपॉझिट, चोवीस महिन्यांचा करार. एकूण भाडे ४ लाख ८० हजार, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचे मानीव व्याज २० हजार, बेरीज पाच लाख. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे १,२५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार. सगळे मिळून सव्वादोन हजार, तेही घरबसल्या ऑनलाइन, अंगठा आणि फोटो देऊन. दोन वर्षांच्या भाड्याच्या अर्धा टक्काही नाही. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो, दरवर्षीची वाढ आत लिहिता येते, महिन्याच्या नोटिशीने सोडण्याची मुभाही लिहिता येते. मग अकरा महिन्यांनी भाडेकरूसमोर ‘राहायचे की जायचे’ हा प्रश्न आपण होऊन का उभा करायचा?

इथे चाकणचा खोलीवाला मला अडवेल आणि त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. पाच हजारांच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार केला तर मुद्रांक दीडशे-दोनशे रुपये, पण नोंदणी शुल्क चाकण नगरपरिषदेत हजार आणि बाजूच्या ग्रामपंचायतीत पाचशे. त्यात करार करून देणाऱ्या एजंटची फी. पाचव्या महिन्यात जाणाऱ्या पोरासाठी हा खर्च कोण करणार? वीस हजारांच्या फ्लॅटला आणि पाच हजारांच्या खोलीला सारखेच नोंदणी शुल्क लावणारा कायदा लहान भाड्याला महाग पडतो आणि म्हणूनच मोडला जातो. ठरावीक रकमेखालच्या भाड्याला नाममात्र शुल्क ठेवले तर सरकारचे फार बुडणार नाही. तोवर खोलीवाल्याकडे एक वाट राहते : वर्ष-दोन वर्षे टिकलेल्या भाडेकरूचा तरी करार नोंदवावा. बँकेचे खाते, गॅसची जोडणी, मुलांची शाळा या सगळ्याला पत्त्याचा कागद लागतो आणि ज्याच्याकडे तो एका खोलीचा आहे, तो शंभर रुपयांसाठी दुसरी खोली शोधत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्यात मात्र कसली सूट मागू नये. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, माहिती ऑनलाइन भरता येते, आणि भांडण किंवा गुन्हा घडल्यावर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर मालकाला वाचवत नाही.

याच पट्ट्यात एक तिसरा माणूस हल्ली बराच दिसतो. तो मालकाकडून तीन-चार फ्लॅट किंवा अख्खी चाळ ठोक भाड्याने घेतो आणि कॉट बेसिसवर भरतो. एका खोलीत चार गाद्या. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा तिथेच पडतो, गादी थंड होत नाही. भिंतीला खिळ्यांवर कंपन्यांची ओळखपत्रे, दाराबाहेर सेफ्टी शूजची रांग. मालकाला दरमहा एकाच माणसाकडून पैसे मिळतात, रिकाम्या महिन्याची चिंता त्या मधल्या माणसाची. ऐकायला छान. पण २४ व्या कलमाची झटपट वाट राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे, धंद्यासाठी दिलेल्या जागेला नाही, आणि पोटपरवाना देणारा भाडेकरू त्या कलमापुरता ‘मालक’ धरला जात नाही. मधला माणूस पळाला तर आत राहणाऱ्या सोळा जणांशी तुमचा कागदावर काहीच संबंध नसतो. कंपनीलाच जागा दिली तरी प्रश्न आहेत. एक कोटी किंवा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्यांना १९९९ चा कायदा लागू नाही, सगळा आधार करारातील शब्दांवर. म्हणून तिथे वकिलाची फी वाचवू नये. जीएसटी नोंदणी असलेला भाडेकरू घर घेतो तेव्हा जुलै २०२२ पासून १८ टक्के कर त्याने भरायचा असतो. भाडे ठरवताना कंपनीचा माणूस तो आकडा मनात धरूनच बोलत असतो.

उलट्या टोकाला आहेत ‘फॅमिलीच पाहिजे’वाले. बॅचलर नको, रात्रपाळी नको, अमुक भागातला नको, मांस-मच्छी नको. ज्या पट्ट्यातला सरासरी भाडेकरू एकटा आणि पाळीत काम करणारा आहे तिथे ही अट म्हणजे गिऱ्हाइकांतले निम्मे आधीच परत पाठवणे. सोसायटीचा ठराव आहे, हे उत्तर नेहमी येते. आदर्श उपविधींनुसार सभासदाला जागा भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावे मात्र लागते. आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुढे घेता येत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. अडीच हजार सेवाशुल्क असेल तर अडीचशे रुपये. सोसायट्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. एका फ्लॅटमागे चार दुचाकी आणि रात्री दोनला लिफ्टचा आवाज हा त्रास आहेच. पण त्यावर उपाय पार्किंगचा नियम आणि करारात राहणाऱ्यांची संख्या लिहिणे हा आहे, चारित्र्याची चौकशी नव्हे.

स्वस्तातल्या चाळीबद्दल जरा सविस्तर बोलावे लागेल, कारण या पट्ट्यात भाड्याचा खरा परतावा तिथेच दिसतो आणि भांडवलही तिथेच बुडते. उद्योगांसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्याने भरपाईतून स्वतःच्या उरलेल्या रानात बांधलेल्या खोल्यांची गोष्ट वेगळी; त्याने जमीन विकत घेतलेली नाही. (लोक त्याला ‘गुंठामंत्री’ म्हणून हसतात, पण एका कामगाराला परवडेल असे घर या पट्ट्यात बांधून दाखवले ते त्यानेच, सरकारने नाही आणि बिल्डरने तर नाहीच.) बाहेरचा गुंतवणूकदार तीच चाळ गुंठ्याच्या खरेदीवर घेतो तेव्हा तो पत्रे आणि विटा विकत घेत असतो, हक्क नव्हे. सातबारावर अनेकांची नावे, बिगरशेती झालेली नाही, बांधकाम परवानगी नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामास मनाई असलेला पट्टा आहे. तळवडे, रुपीनगर, निगडी, किवळ्याचा काही भाग त्यात येतो. दिघीच्या कोठाराभोवती ११४५ मीटर. तिथे भाडेकरू मिळतो, बँकेचे कर्ज आणि उद्याची हमी मिळत नाही. नदीकाठी निळी पूररेषा आहे. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले गेले. त्याआधी फेब्रुवारीत कुदळवाडीची गोदामे आणि शेड हजारोंच्या संख्येने जमीनदोस्त झाली होती. दहा-बारा टक्के परतावा देणारी चाळ दहा वर्षांत स्वतःची किंमत वसूल करते. प्रश्न इतकाच की तिला दहा वर्षे मिळतील का. आणि बांधकाम कसलेही असो, जबाबदारी मालकाचीच. ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीच्या पूर्णानगरात दुकानाला लागलेल्या आगीत तिथेच राहणाऱ्या एका कुटुंबातले चौघे गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीच्या सद्गुरूनगरात मजुरांच्या वसाहतीतली पाण्याची टाकी कोसळून कामगार दगावले. बाहेर पडायला दुसरी वाट आणि टाकीखाली नीट आधार यांचा खर्च काढला तर एखाद-दुसऱ्या खोलीच्या काही महिन्यांच्या भाड्यापुढे जात नाही.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण भाडेकरू खोली सोडण्याचे कारण ब्रेकच्या खालोखाल पाणी असते. पवनेतून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेवरून ९ ऑगस्ट २०११ ला मावळात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले, योजना थांबली, आणि नोव्हेंबर २०१९ पासून महापालिका हद्दीत दिवसाआड पाणी सुरू झाले ते वर्षानुवर्षे तसेच चालले. हद्दीबाहेर टँकर. दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला आलेल्या माणसाला नळाला पाणी नसेल तर तो पुढच्या पगाराची वाटही बघत नाही. वर सांगितलेले बेचाळीस हजार आठवा. दहा खोल्यांच्या चाळीत पाच हजार लिटरची जादा टाकी, प्रत्येक खोलीचा वेगळा वीज सबमीटर आणि त्याचे महावितरणच्या दरानेच बिल, तीन खोल्यांमागे एक संडास : यात भूतदयेचा भाग थोडा आहे, रिकामा महिना टाळण्याचा जास्त. डिपॉझिटही तसेच. डिपॉझिट बुडवणारा मालक एकदा दहा हजार कमावतो, पण एका गावचे, एका ठेकेदाराचे कामगार एकमेकांच्या सांगण्यावरून खोली घेतात, आणि बुडवलेल्या डिपॉझिटची बातमी त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते ज्यावर पुढचा भाडेकरू असतो. भाडे थकले म्हणून पाणी-वीज तोडणारे काही मालक आहेत. तो १९९९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने गुन्हा आहे. थकलेल्या दोन महिन्यांपायी फौजदारी ओढवून घेण्यात कसला शहाणपणा?

कोणी म्हणेल, कामगारांना टिकवायची जबाबदारी कंपनीची, घरमालकाने का पेलावी? न्यायाच्या दृष्टीने बरोबर आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृहासारखी भाड्याची घरे खासगी भागीदारीतून बांधण्याची घोषणा झाली. ती चाकणमध्ये मोठ्या प्रमाणावर उतरली तर दोन हजारांत स्वच्छ कॉट आणि पाणी मिळेल, आणि पत्र्याच्या खोलीचा मालक ज्या कामगाराला आज गृहीत धरतो तो तिकडे वळेल. त्या दिवशी टिकतील ते मालक ज्यांच्याकडे कुटुंब घेऊन आलेले भाडेकरू आहेत, कारण वसतिगृहात बायको-मुले राहू शकत नाहीत. एकट्या पोराला कुटुंबाचा भाडेकरू होऊ देणारी खोली, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आतला नळ आणि पत्त्याचा कागद असलेली खोली, हीच या पट्ट्यातली पुढच्या दहा वर्षांची शहाणी गुंतवणूक वाटते.

दिवाळीत चाकण, भोसरी, तळवड्यातल्या हजारो खोल्यांना कुलूप असते. मराठवाड्याची माणसे दिवाळीला गेलेली, बिहार-उत्तर प्रदेशची छठ आटोपून परतणार. निघताना ज्यांनी किल्ली मालकाकडे न देता खिशात ठेवली, ते त्याच खोलीत येतील. या सुट्टीत ज्यांचा करार संपतो आहे त्या घरमालकांनी भाडेवाढीचा निरोप धाडण्याआधी वाढीव रकमेला अकराने गुणावे, एका महिन्याचे भाडे बाजूला मांडावे आणि त्यातला मोठा आकडा कोणता ते पाहावे.